रॅन्समवेअरमुळे टॅलीतील उधारीचे खाते कुलूपबंद झाले; छोट्या दुकानाने आता काय करावे?

प्रश्न : मानवतचा कृषी सेवा केंद्रचालक

सर्व जाणकारांना नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे आमचे बियाणे, खते आणि कीटकनाशकांचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेला हा व्यवसाय गेली अकरा वर्षे मी सांभाळतो. आमच्या भागातील व्यवहार मराठवाड्यातील वाचकांना ठाऊकच आहे. मृगाच्या तोंडावर शेतकरी बियाणे आणि खत उधारीवर नेतो आणि कापूस-सोयाबीन विकले गेले की दसरा-दिवाळीपासून पुढे संक्रांतीपर्यंत जमेल तशी फेड करतो. त्यामुळे गोदामातील मालापेक्षा उधारीचे खाते हेच आमचे खरे भांडवल असते. चार वर्षांपूर्वीपर्यंत हे खाते लाल बांधणीच्या वहीत होते. नंतर बिले टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होऊ लागली, दोनदा लिहिण्याचा कंटाळा आला आणि मी वही बंद केली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मागच्या खोलीतील संगणक सुरू केला तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावापुढे सात-आठ अनोळखी अक्षरे जोडलेली दिसली. टॅली उघडले, पण कंपनी, म्हणजे दुकानाचा हिशेबच, सापडेना. पडद्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी होती : तुमच्या सर्व फाइली कुलूपबंद केल्या आहेत, ७२ तासांत बिटकॉइनमध्ये पैसे भरले नाहीत तर रक्कम दुप्पट होईल. बॅकअप म्हणून मी एक पेन ड्राइव्ह त्याच संगणकाला कायम लावून ठेवला होता, तोही तसाच कुलूपबंद झाला. काउंटरवरील संगणकाचे सामाईक फोल्डरही गेले. गोदामातील संगणक शनिवारपासून बंद होता, तेवढा वाचला.

जे लपवून उपयोग नाही ते सांगतो. टॅलीचा संगणक विंडोज ७ वर चालत होता. अँटिव्हायरसची मुदत जानेवारीत संपली होती. रात्री घरून हिशेब पाहता यावा म्हणून दोन वर्षांपूर्वी एका तंत्रज्ञाकडून राउटरमध्ये सोय करून घेतली होती. त्यासाठी तो संगणक रात्रभर चालू राही आणि त्याचा पासवर्ड दुकानाचे नाव व पुढे १२३ असा होता. आमच्याकडे हिशेब लिहिणारी मुलगी मात्र तेव्हापासून रडवेली झाली आहे. शनिवारी तिने मेलवर आलेले वाहतुकीचे एक बिल उघडले होते आणि सगळे आपल्यामुळेच झाले असे तिने मनात घेतले आहे.

साधारण सहाशे चाळीस शेतकऱ्यांची खाती अडकली आहेत. गावातील तंत्रज्ञ म्हणतो, सगळे फॉरमॅट करून नव्याने सुरुवात करा. एक नातेवाईक म्हणतात, पैसे देऊन मोकळे व्हा. पोलिसांत जाण्याचे मन होत नाही, कारण दुकानाचा हिशेब गेला ही बातमी बाजारात पसरली तर येणारी उधारीही थांबेल अशी भीती वाटते. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत : गेलेल्यातले काय परत मिळू शकते, आणि तीन संगणक व एक कर्मचारी एवढाच पसारा असलेल्या दुकानाने आपल्या ऐपतीत असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर १ : संगणक देखभाल व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर

भाऊ, आधी एक विनंती : काहीही फॉरमॅट करू नका. दोन्ही बाधित संगणकांच्या नेटवर्कच्या केबल काढा, वायफाय बंद करा आणि त्यांतील हार्ड डिस्क बाहेर काढून, तारीख लिहून कपाटात ठेवून द्या. नव्या डिस्क घेऊन त्यांवर नव्याने विंडोज टाका. जुनी डिस्क जपायची दोन कारणे आहेत. काही रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या, किल्ल्या पुढे पोलिसांच्या हाती लागतात किंवा त्यांच्या रचनेतील चूक संशोधकांना सापडते. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. त्याच्या संकेतस्थळावर धमकीची चिठ्ठी आणि एक-दोन कुलूपबंद फाइली दिल्या की हा प्रकार कोणता आणि त्याची किल्ली आज उपलब्ध आहे का, हे विनामूल्य कळते. आज नसली तरी वर्षभराने मिळू शकते. डिस्क पुसली असेल तर ती किल्ली लावणार कशाला? दुसरे कारण पुराव्याचे आहे, त्याकडे पुढे येतो.

पैसे देऊ नका असे मी सांगतो ते ऐकीव माहितीवरून नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या जॉबवर्क कारखान्याने माझ्या समोर पैसे भरले. किल्ली आलीही. लहान फाइली उघडल्या, पण ज्यासाठी पैसे भरले ती हिशेबाची मोठी फाइल अर्धवट उलगडली आणि टॅलीने ती स्वीकारली नाही. पलीकडच्या माणसाने नंतर एकाही मेलला उत्तर दिले नाही.

आता हे आले कुठून? मेलमधील बिलाची शक्यता मी पूर्णपणे नाकारत नाही, पण तुमच्या वर्णनावरून माझा संशय राउटरमधील त्या सोयीवर आहे. विंडोजचे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून संगणक वापरण्याची सोय, ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालते. ते पोर्ट राउटरमधून सरळ इंटरनेटवर उघडे ठेवले की जगभरातील स्वयंचलित प्रोग्राम त्यावर अहोरात्र एकामागून एक पासवर्ड लावून पाहत राहतात. हे कोणी माणूस मानवतचे दुकान हेरून करत नाही, म्हणूनच ‘आमच्यासारख्या छोट्या दुकानाच्या मागे कोण लागेल’ या समजुतीला काही अर्थ उरत नाही. काही तंत्रज्ञ पोर्टचा क्रमांक बदलून देतात, परंतु त्यामुळे दार बंद होत नाही, फक्त घर क्रमांक बदलतो.

याची शहानिशा करता येते आणि त्या मुलीसाठी ती जरूर करा. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून एखाद्या स्वच्छ, नेटवर्कपासून तोडलेल्या संगणकाला जोडा आणि तिच्यातील दुसरी कोणतीही फाइल न उघडता विंडोजच्या फोल्डरमधील इव्हेंट लॉगच्या, म्हणजे संगणकात काय घडले त्याच्या नोंदवह्यांच्या, फाइली तेवढ्या उतरवून घ्या. सिक्युरिटी लॉगमध्ये ११०२ क्रमांकाची नोंद असेल तर तो लॉग कोणीतरी पुसला असे समजावे. पुसणारे बहुधा तेवढाच लॉग पुसतात. टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजर नावाची एक वेगळी नोंदवही असते. तिच्यात २१ क्रमांकाच्या नोंदीपुढे बाहेरून कोण, कोणत्या आयपी पत्त्यावरून आणि किती वाजता आत आले हे राहून जाते.

पुढच्या संरक्षणाची सुरुवात राउटरपासून करा. त्याचे पान उघडून पोर्ट फॉरवर्डिंगमधील, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या वाटांच्या, सर्व नोंदी काढून टाका, अशा वाटा आपोआप उघडू देणारे यूपीएनपी बंद करा आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदला. घरून हिशेब पाहण्याची गरज खरोखर किती आहे याचा विचार करा. संध्याकाळी सात वाजता दिवसाच्या विक्रीची पीडीएफ स्वतःला मेल करून घेतली तर बहुतेक दुकानदारांचे काम भागते आणि संगणक रात्री बंद ठेवता येतो. तरीही हवेच असेल तर व्हीपीएनशिवाय, म्हणजे इंटरनेटवरील सुरक्षित खासगी जोडणीशिवाय, नको.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपणे म्हणजे त्यानंतर सापडलेल्या भोकांना ठिगळ मिळत नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्रायने दीडशेहून अधिक देशांतील संगणक अडकवले, त्या वेळी मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच देऊन ठेवली होती. ज्यांनी दोन महिने अपडेट पुढे ढकलले, बहुतांशी त्यांचेच संगणक सापडले. तेव्हा ‘अपडेट आले की कामात अडथळा येतो’ म्हणून ते बंद करून ठेवण्याची आपल्याकडील सवय मोडलीच पाहिजे. अद्ययावत विंडोज ११ असेल तर त्यातील डिफेंडर हे अंगचे अँटिव्हायरस छोट्या दुकानाला पुरेसे आहे. मुदत संपलेल्या विकतच्या अँटिव्हायरसपेक्षा ते कितीतरी बरे.

आपल्या भागात एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. निम्म्या दुकानांत मला क्रॅक केलेले विंडोज किंवा ऑफिस आढळते. त्या क्रॅकसोबत एक सूचना असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाइल चालवा’. आपण स्वतःच्या हाताने पहारेकऱ्याला सुट्टी देतो आणि अनोळखी माणसाला प्रशासकाचे अधिकार देऊन आत घेतो. परवाना विकत घेणे परवडत नसेल तर लिब्रेऑफिस विनामूल्य आणि अधिकृत आहे, पत्रे आणि तक्ते त्यात व्यवस्थित होतात.

रोजचे काम प्रशासक खात्यातून करू नका, साधे खाते वेगळे काढा. फाइलचे पूर्ण नाव दिसेल अशी सेटिंग करा, म्हणजे ‘बिल.पीडीएफ’ दिसणाऱ्या फाइलच्या शेवटी दडलेले ‘ईएक्सई’, म्हणजे ती प्रोग्राम असल्याची खूण, नजरेस पडेल.

बॅकअपबद्दल शेवटी लिहितो, कारण तेच सर्वांत महत्त्वाचे आहे आणि घाईत वाचले जाऊ नये. संगणकाला कायम जोडलेला पेन ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे, त्या संगणकाला जे होईल तेच त्यालाही होते. बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घ्या. एक दुकानात, एक घरी, आणि आळीपाळीने वापरा. प्रत घेतली की डिस्क लगेच काढायची. दोन्ही डिस्क एकाच वेळी दुकानात आणायच्या नाहीत, मग कोणी कितीही घाई केली तरी नाही. आणि वीज केव्हाही जाते हे लक्षात घेऊन ते काम चालू यूपीएसवरच करायचे, कारण मध्येच तुटलेली प्रत दिसायला पूर्ण दिसते आणि गरजेच्या दिवशी उघडत नाही. म्हणून महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून, टॅलीत उघडून, दोन-चार खाती डोळ्यांनी तपासा. न तपासलेल्या प्रतीवर मी माझ्या कोणत्याही ग्राहकाला विसंबू देत नाही.

उत्तर २ : कर सल्लागार, लातूर

दादा, तुमचा पहिला प्रश्न, म्हणजे काय परत मिळू शकते, माझ्या कामाच्या कक्षेतील आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या दोन अशिलांची पुस्तके अशीच नव्याने उभी करावी लागली, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आज सर्वांत आधी तुमच्या लेखापरीक्षकांना फोन करा. गेल्या वर्षीच्या लेखापरीक्षणासाठी तुम्ही त्यांना टॅलीचा डेटा दिला असेल. आम्ही लोक अशा प्रती सहसा काढून टाकत नाही. ती मिळाली तर त्या तारखेपर्यंतची प्रत्येक शेतकऱ्याची बाकी जशीच्या तशी हाती येते आणि प्रश्न फक्त पुढच्या काही महिन्यांचा उरतो.

खरेदीची बाजू बरीचशी सरकारी नोंदीत आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावरील जीएसटीआर-२बी या खरेदीच्या आपोआप तयार होणाऱ्या उताऱ्यामध्ये खते आणि कीटकनाशकांची प्रत्येक खरेदी पुरवठादाराच्या नावासह, बिल क्रमांकासह दिसेल. येथे एक खाच आहे आणि ती अनेकांच्या ध्यानात येत नाही : पेरणीचे बियाणे करमुक्त असल्यामुळे त्याची बिले २बी मध्ये येत नाहीत. बियाणे कंपन्यांकडून आणि वितरकांकडून खातेउतारे वेगळे मागवावे लागतील. बँकेचे उतारे, ई-वे बिले (मालवाहतुकीचे ऑनलाइन परवाने) आणि विवरणपत्रांच्या प्रती डाउनलोड करून घ्या. अनुदानित खताची विक्री पीओएस या विक्री नोंदवण्याच्या यंत्रावर शेतकऱ्याच्या आधार पडताळणीने होते, त्यामुळे कोणी किती गोण्या नेल्या याची नोंद त्या प्रणालीत आहे. ती रोखीने नेली की उधारीने, हे मात्र त्यात नाही.

म्हणजे विचार करा, खरेदी पुरवठादाराकडे आहे, कर सरकारकडे आहे, ऑनलाइन आलेले पैसे बँकेकडे आहेत. ज्याची दुसरी नोंद जगात कुठेही नाही अशा दोनच गोष्टी तुमच्या दुकानात होत्या, उधारीवर गेलेला माल आणि रोखीने आलेली फेड. शेतकऱ्याला केलेली विक्री विवरणपत्रात नावानिशी जात नाही, एकत्रित आकड्यात जाते. संरक्षणाचा सगळा आटापिटा याच दोन नोंदींसाठी करायला हवा आणि दुर्दैवाने बहुतेक व्यापारी याच्या उलट करतात, जीएसटीचे कागद तीन-तीन ठिकाणी जपतात आणि उधारी एका संगणकावर ठेवतात. मी आमच्या आडत बाजारातील अशिलांना आता आग्रहाने सांगते की दर शनिवारी उधारीची यादी, म्हणजे नाव, गाव आणि बाकी एवढेच, कागदावर छापून सही करून फाइलला लावा. पंधरा-वीस पाने होतात. तेवढा खर्च परवडतो.

आणखी दोन गोष्टी. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. पुस्तके का नाहीत याचे उत्तर द्यायची वेळ आलीच तर तक्रारीची पावती हाताशी असणे फार महत्त्वाचे ठरते. दुसरे असे की जो माणूस तुमच्या संगणकात शिरला त्याला ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्डही दिसले असतील असे गृहीत धरा. मेल, जीएसटी, ई-वे बिल, नेट बँकिंग यांचे पासवर्ड आजच बदला, आणि ते बाधित संगणकावरून नव्हे तर स्वच्छ फोनवरून बदला. मेलचा सर्वांत आधी, कारण बाकी सर्वांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. डिजिटल सहीचा टोकन काम झाल्यावर संगणकातून काढून ठेवा.

प्रश्नाला जोडून : बीडचा वाचक

हाच डेटा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवला असता तर वाचला असता का?

उत्तर १ देणारे, छत्रपती संभाजीनगर

अंशतः वाचला असता. संगणकाशी जोडलेले फोल्डर बदल जसाच्या तसा वर पाठवते, त्यामुळे कुलूपबंद फाइलही वर जाते आणि चांगल्या फाइलची जागा घेते. गूगल ड्राइव्ह अशा फाइलींच्या आधीच्या आवृत्त्या साधारण ३० दिवस ठेवते, त्या मुदतीत लक्षात आले तर मागे जाता येते. नाव बदललेल्या शेकडो फाइली एकेक करून मागे नेणे हे मोठे कंटाळवाणे काम आहे. म्हणून ड्राइव्ह असावे, पण सुटी काढून ठेवलेली डिस्क असतानाच असावे.

उत्तर ३ : हळदीचे आडत व्यापारी, वसमत

वरील दोघांनी संगणकाबद्दल फार चांगले लिहिले आहे. मी फोनबद्दल लिहितो, कारण आमच्या मोंढ्यात आता निम्मा व्यवहार फोनवरच होतो आणि माझे नुकसान तिथूनच झाले.

गेल्या लग्नसराईत व्यापाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका आली. चित्र किंवा पीडीएफ असावी असे वाटले, पण फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होते. ती फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते हे मला तेव्हा कळत नव्हते. उघडल्यावर फोनने ‘अनोळखी स्रोताकडून ॲप बसवण्याची परवानगी द्यायची का’ असे विचारले, नंतर एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली आणि मी दोन्हींना होकार दिला. पत्रिका काही उघडली नाही. तासाभरात खात्यातून ८२ हजार रुपये गेले. ओटीपी मी कोणालाही सांगितला नव्हता, पण त्या ॲपने तो माझ्याआधी वाचला होता. ज्या मित्राच्या क्रमांकावरून पत्रिका आली त्याचा फोन आदल्या दिवशी याच रीतीने गेला होता आणि माझ्या फोनवरून ती पुढे आणखी चाळीस जणांना गेली होती.

मुलाने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. ज्या खात्यात पैसे गेले होते तिथे त्यातील काही रक्कम अडवली गेली आणि पुढे ती परत मिळाली. अर्धा तास उशीर झाला असता तर तीही गेली असती. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवले. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवण्याला मोठे महत्त्व दिले आहे, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणू नये.

त्यानंतर मी बँकेचे सिमकार्ड एका साध्या बटणांच्या फोनमध्ये टाकले आणि तो गल्ल्यातच ठेवतो. तसेच खरेदीदाराकडून किंवा पुरवठादाराकडून ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे या खात्यात पाठवा’ असा निरोप आला, तो मेलवर असो की व्हॉट्सॲपवर, तर त्या निरोपातील क्रमांकावर फोन न करता आपल्या जुन्या डायरीतील क्रमांकावर फोन करून त्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवत नाही. सांगलीच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने असा निरोप मला खरोखर आला होता आणि तो खोटा निघाला.

उत्तर ४ : वकील, नांदेड

तक्रारीबाबत थोडक्यात सांगतो. संगणकात अनधिकृतपणे शिरून डेटा निकामी करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खालील गुन्हा आहे. त्यासाठी पैसे मागणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीत मोडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास त्याच्या कलम ७८ नुसार पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे ठाण्यात गेल्यावर निरीक्षकांना भेटण्याचा आग्रह धरावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार नोंदवता येते आणि तिचा क्रमांक लगेच मिळतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्यास सांगितले आहे. तुमचा तो वेळ टळून गेला असला तरी आता कळवा. चिठ्ठीचा फोटो, त्यातील बिटकॉइनचा पत्ता आणि मेल पत्ता सोबत जोडा.

राहिला प्रश्न अब्रूचा. तुमच्या दुकानात चोरी झाली असती तर तुम्ही पंचनामा करून घेतला असता आणि शेतकरी तुम्हाला धीर द्यायलाच आले असते. येथेही चोरीच झाली आहे. तुम्ही स्वतःहून सांगितले तर लोक ऐकून घेतील. बाहेरून कानावर गेले तर मात्र शंका घेतील.

प्रश्नकर्त्याचा पुढील मजकूर : मानवतचा कृषी सेवा केंद्रचालक (पाच आठवड्यांनंतर)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्यामुळे पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

डिस्क काढून ठेवल्या. इव्हेंट लॉग उतरवून तपासला. सिक्युरिटी लॉग पुसलेला होता, ११०२ ची नोंद होती. दुसऱ्या नोंदवहीत मात्र रविवारी रात्री २ वाजून १४ मिनिटांनी परदेशातील एका पत्त्यावरून कोणीतरी आत आल्याची नोंद तशीच राहिली होती. शनिवारचे ते वाहतुकीचे बिल मी वाहतूकदाराला फोन करून पडताळले, ते खरेच त्यांचे होते. लॉगचे ते पान छापून मी त्या मुलीच्या हातात दिले आणि दुकानातील सर्वांसमोर सांगितले की दार मी उघडे ठेवले होते. दोन आठवड्यांनंतर ती प्रथमच नीट जेवली, असे तिच्या आईने घरी येऊन सांगितले.

किल्ली अजून उपलब्ध नाही. तक्रार नोंदवली आहे, पैसे दिले नाहीत.

लेखापरीक्षकांकडे ऑगस्टमधील प्रत निघाली. त्यामुळे खरिपाची उधारी पूर्ण मिळाली आणि सप्टेंबर ते एप्रिल एवढाच काळ उरला. त्यातील खतांची नोंद पीओएसवरून, ऑनलाइन फेड बँकेवरून जुळवली. रोखीच्या फेडीसाठी मी गावोगाव गेलो. पहिल्याच गावात, मारुतीच्या पारावर, झाले ते सगळे सांगितले. एक वयस्कर शेतकरी उठून घरी गेले आणि खताच्या रिकाम्या पिशवीत बांधून ठेवलेली माझ्या दुकानाची चार वर्षांची सर्व बिले आणि पावत्या घेऊन आले. वकीलसाहेबांचे म्हणणे खरे ठरले. आतापर्यंत ५२७ खाती दोन्ही बाजूंच्या संमतीने जुळली आहेत. काही जणांकडे पावती नव्हती आणि माझ्याकडे नोंद नव्हती, तिथे मी त्यांचा शब्द मानला. वीस-पंचवीस खात्यांवर अजून मतभेद आहेत, ते पेरण्या आटोपल्यावर बसून सोडवू.

टॅलीचा संगणक आता विंडोज ११ वर आहे, राउटरमधील सर्व नोंदी काढल्या, रात्री मुख्य बटण बंद होते. दोन डिस्क घेतल्या आहेत. एकीवर काळ्या शाईने ‘सोम’ आणि दुसरीवर ‘गुरु’ लिहिले आहे, घरी असलेली डिस्क देवघराच्या कपाटात राहते. लातूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे शनिवारी उधारीची यादी छापतो, ती अठरा पाने होते.

गेल्या रविवारी बायकोच्या लॅपटॉपवर ‘गुरु’ डिस्कमधील प्रत उतरवून पाहिली. पहिल्या वेळी ती उघडली नाही, लॅपटॉपवरील टॅलीची आवृत्ती जुनी निघाली. ती अद्ययावत केल्यावर उघडली. हिशेब लिहिणारी मुलगी शेजारी छापील यादी घेऊन बसली होती, ती नाव वाचत गेली आणि मी बाकी सांगत गेलो. तीस खाती तपासली, तीसही जुळली.